मुरमाचा उतार आणि अप्पा

आमच्याकडे हुबळीत मास्तर समोरून येताना दिसले की सायकलवरून उतरायची रीत होती. नुसतं उतरून भागायचं नाही. हँडल धरून, मान खाली घालून, मास्तर आपल्याला ओलांडून चार पावलं पुढे जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. त्यांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं आणि मगच पुन्हा पायडल मारायचं. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. गावातली सगळी पोरं करायची, मीही करायची.

माझे वडील, आमचे अप्पा, हायस्कूलचे हेडमास्तर होते. देशपांडे नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरातून ते चालत शाळेला निघाले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सायकली उभ्या राहत जायच्या. त्यात डॉक्टर झालेले, वकिली करणारे, पोट सुटलेले माजी विद्यार्थीही असायचे. अप्पांची चाल कुणासाठी कमी व्हायची नाही. मी त्यांची मुलगी, तरी मला वेगळा नियम नव्हता. घरी आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नसू, पण रस्त्यात मी उतरून उभी राहिले की ते विचारायचे, "कुठं निघालीस?" मी म्हणायची, "क्लासला." लहानपणी अप्पांशी जे काही बोलणं झालं, त्यातल्या बऱ्याचशा बोलण्यात माझ्या हातात सायकल आहे.

ते रिटायर झाल्यावर आम्ही गावाबाहेर उणकलला स्वतःचं घर बांधलं. तलावापलीकडे नवीन प्लॉट पडले होते. निम्म्या प्लॉटांत काँग्रेस गवत माजलेलं, मागे लाल मुरमाची टेकडी, जिला सगळे नुसतं गुड्ड म्हणायचे. आई त्या घरात जेमतेम दीड वर्ष राहिली आणि गेली. अण्णा, माझा थोरला भाऊ, त्याआधीच अमेरिकेला गेला होता. माझं लग्न दोनदा जमता जमता राहिलं होतं आणि तिसऱ्यांदा जमवायचा उत्साह आईबरोबर संपला. मी धारवाडच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी बसनं जायची, संध्याकाळी बसनं यायची. घरात चार खोल्या आणि आम्ही दोघं. दोघांच्या मध्ये रेडिओ नसता तर घड्याळाची टिकटिक ऐकत बसावं लागलं असतं.

अप्पा तिथंही इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी फिरायला जायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पण उणकलच्या त्या नव्या वस्तीत त्यांना कोण ओळखणार? पोरं मोटारसायकलवरून धूळ उडवत त्यांच्या अंगावरून जायची. पहिल्या दसऱ्याला बन्नीची पानं, म्हणजे आमच्याकडचं दसऱ्याचं सोनं, द्यायला देशपांडे नगरातून अकरा जण आले. दुसऱ्या वर्षी चार आले. त्या दिवशी अप्पा रात्रीपर्यंत दिवाणखान्यात टोपी घालून बसले होते, आणि मी त्यांना जेवायला बोलावायला दोनदा जाऊन काही न बोलता परत आले.

अण्णाची एक गेअरची सायकल जिन्याखाली पडून होती. इंजिनियरिंगला असताना त्यानं हट्टानं घेतलेली, जाड नक्षीच्या टायरची, डोंगरात चालवायची म्हणून. डोंगरात त्यानं ती कधी नेली नाही, कॉलेजच्या पोरींसमोरून मात्र पुष्कळ नेली. एका रविवारी त्याचा फोन आला आणि बोलता बोलता म्हणाला, "ती सायकल विकून टाक की. उगीच जागा अडवतीय." मला असा राग आला की मी फोन अप्पांच्या हातात देऊन टाकला. जागा अडवायला आमच्या घरात माणसं होती कुठं? त्याच दिवशी मी सायकल रिक्षात घालून जुन्या हुबळीत नेली. विकण्यासाठी नव्हे, दुरुस्तीसाठी. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

जुन्या हुबळीतला तो रिपेरीवाला म्हातारा होता आणि मोजकं बोलायचा. त्यानं केबली बदलल्या, टायर बदलले, चेन रॉकेलनं धुतली. मग सीट खाली केली. मी म्हटलं, वर असू दे, पाय नीट पोचतात. तो कन्नडमध्ये म्हणाला की बाजारात जायचं असेल तर वर ठेवा, गुड्डावर जायचं असेल तर उतारावर मागे सरताना सीट पोटात घुसायला नको. गुड्डावर जायचं असं मी त्याला काही सांगितलं नव्हतं. टायर बघून त्यानंच ठरवलं. निघताना उजवा ब्रेक दाबून दाखवला आणि म्हणाला, हा पुढच्या चाकाचा, उतारावर हा एकटा कधी दाबायचा नाही, दाबलात तर सायकल जागेवर राहील आणि तुम्ही पुढे जाल.

गुड्डावरून पाण्याच्या टाकीपर्यंत मेंढरांची एक वाट खाली येत होती. पायथ्याला टाकी, तिच्या पुढे तलावाकडे जाणारा रस्ता. वरून पाहिलं तर वाट साधी दिसायची. पण सुरुवातीलाच एक सपाट कातळ होता, त्याला पुढून गुडघाभर उंचीचा टप्पा. टप्प्याखाली सुटा मुरूम, मग पावसानं कापलेल्या घळीच्या काठानं एक वळण, आणि तिथून टाकीपर्यंत सरळ घसरण. मी पहिल्या रविवारी सकाळी अण्णाची जुनी ट्रॅकपँट घालून कातळावरून निघाले आणि टप्प्याच्या आधीच आडवी झाले. दुसऱ्या रविवारीही तेच. दुधाच्या घागरी घेऊन जाणारा गवळी थांबून बघत होता. त्याला वाटलं असणार, काहीतरी नवस आहे.

मग मी उलट बाजूनं शिकायला लागले. आधी फक्त खालची घसरण. ती जमल्यावर वळणापासून खाली. वळण जमल्यावर टप्प्याखालच्या मुरमापासून. खालचं आधी शिकलं की वरून येताना पुढे काय आहे ते माहीत असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पडून पडून कळलं. उतारावर सीटवर बसायचं नाही, दोन्ही पायडलं सारखी ठेवून त्यावर उभं राहायचं, ढुंगण मागच्या चाकाकडे न्यायचं, ब्रेकवर दोन-दोन बोटं, मागचा जास्त, पुढचा जरासा. ऐकायला सोपं आहे. शरीर मात्र सारखं उलटं करतं, भीती वाटली की पुढे वाकतं आणि मूठ आवळतं. मी चढावर गेअर बदलायलाही उशीर करायची, मग चेन कडकड करून उतरायची आणि हात काळे व्हायचे. कचेरीत सोमवारी नखांत तेल घेऊन बसायची. शेजारच्या टेबलावरच्या बाईला एकदा सांगितलं, मी गुड्डावर सायकल चालवायला शिकतेय. ती म्हणाली, "वजन उतरवायला का?" त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही.

वळण मला फार दिवस जमेना. घळ चुकवायची म्हणून मी घळीकडे बघत यायची आणि बरोब्बर घळीतच जायची. एका सकाळी मेंढरं राखणारा एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. तिसऱ्यांदा घळीतून वर आले तेव्हा तो म्हणाला, "मुंद नोड्री अक्का, गाली याक नोडतीरी?" पुढे बघा, चाकाकडे कशाला बघता, एवढंच. मी चिडले. मेंढरं राखणाऱ्यानं मला सायकल शिकवावी? चौथ्यांदा मात्र घळीकडे न बघता वळणापलीकडच्या बाभळीकडे बघत आले, आणि सायकल आपोआप बाभळीकडे वळली. मी वळून बघितलं तोवर तो आजोबा मेंढरांमागून निघून गेला होता. मला इतका आनंद झाला होता आणि तो सांगायला समोर एक मेंढरूसुद्धा नव्हतं.

खरं सांगायचं तर हाच त्या वर्षाचा सगळा जाच होता. पडण्याचं मला काही वाटत नव्हतं. जमलं की वाटायचं. जमल्यावर कुणीतरी बघायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे अप्पा, हे मला मनातल्या मनात कबूल करायला बरेच महिने लागले. घरी गेल्यावर ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "आयोडीन वरच्या कपाटात आहे." बस. मी कुठे जाते, काय करते, कशी पडते, एका शब्दानं विचारलं नाही. मी आयोडीन लावायची आणि ओय करायचीही नाही, कारण ओय केलेलं ऐकून ते आले नाहीत तर आणखी वाईट वाटलं असतं.

श्रावणाच्या आसपास फक्त कातळाचा टप्पा राहिला. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, तशी गत. पाऊस दोन दिवस थांबला होता, मुरूम आत ओला आणि वर घट्ट होता. मी कातळावर उभी राहिले, खाली न बघता पार बाभळीकडे बघितलं आणि सायकल सोडली. टप्प्यावरून चाक खाली गेलं, मी मागे झाले, सायकल टेकली आणि चालतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा टप्पा पार केला होता. मुरूम गेला, वळण आलं, मी मान वर करून पुढे बघितलं, आणि वळणापलीकडून वाटेवरून, हातात छत्री घेऊन, इस्त्रीच्या शर्टात अप्पा वर येत होते.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही. माझ्या हातापायांनी केलं. उजव्या मुठीनं ब्रेक आवळला आणि उजवा पाय पायडलवरून उचलला गेला, कारण समोरून मास्तर येत होते आणि मी सायकलवर होते. सायकल जागेवर राहिली. मी अप्पांच्या पायांपासून चार हातांवर जाऊन पडले.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. रिक्षात अप्पा माझ्या शेजारी बसले होते, छत्री दोन्ही गुडघ्यांत धरून. दवाखान्यातला डॉक्टर त्यांना बघताच खुर्चीतून उठून उभा राहिला, त्यांच्या शाळेतला निघाला. त्यानं माझा हात गळ्यात बांधता बांधता विचारलं, "कशा काय पडलात?" अप्पा म्हणाले, "मला बघून उतरली." डॉक्टर हसला. अप्पा हसले नाहीत, मग त्यानंही हसणं आवरलं.

सहा आठवडे माझा डावा हात झोळीत होता. अप्पांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. त्यांना उप्पीट आणि भात एवढंच येत होतं, तेच आळीपाळीनं खाल्लं. माझी वेणी घालायला शेजारची अक्का यायची. एका दुपारी ती नव्हती आणि माझे केस सुटून तोंडावर आले होते. अप्पा उठले, त्यांनी माझे केस मागे घेतले आणि धोतराच्या काठाची पट्टी फाडून बांधले, फार घट्ट. मग माझ्या मागेच उभे राहून म्हणाले, "त्या दिवसाआधी मी तीनदा येऊन गेलो होतो."

मला कळेना, कुठं.

"टाकीपाशी. गवळी सांगत होता, तुमची मुलगी दर रविवारी गुड्डावर पडतीय म्हणून. टाकीच्या मागं उभा राहून बघितलं. तुझं व्हायच्या आत घरी यायचो."

"मागं कशाला? पुढं उभं राहायचं की."

"दिसलो असतो तर उतरली असतीस." मग म्हणाले, "त्या दिवशी टाकीवर माणसं कामाला आली होती. उभं राहायला जागा नव्हती, म्हणून वर यायला लागलो. तू पार वरून येशील असं वाटलं नाही मला. तो दगड तुला जमत नव्हता."

मला एकाच वेळी रडू आलं आणि भयंकर राग आला. तीन रविवार. मी तिथं एकटी आहे असं समजून रडले होते, स्वतःशी बडबडले होते, जमल्यावर कुणी नाही म्हणून दगडाला लाथ मारली होती, आणि हे पन्नास पावलांवर सिमेंटच्या खांबामागं उभे होते. पण राग फार टिकला नाही. हेडमास्तर माणूस, ज्याच्यासाठी अर्धी हुबळी सायकलवरून उतरायची, तो मी उतरू नये म्हणून लपून उभा राहिला होता. आता साऱ्या उणकलात त्यांच्यासाठी उतरणारी मी एकटीच उरले होते, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"हाड भरलं की पुन्हा जा," ते म्हणाले. "मी येईन. समोर उभा राहीन. सायकलवरून उतरायचं नाही. मी सांगतो म्हणून."

त्यांनी बाजारातून मला एक हेल्मेट आणून दिलं. सायकलचं हेल्मेट असतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि हुबळीत ते तेव्हा कुठं मिळायचं हे मलाही. मोटारसायकलचं होतं, तोंड झाकणारं, समोर वीतभर काच आणि बाजूला काहीच दिसत नाही असं. मी घालून आरशात बघितलं आणि हसले. अप्पा म्हणाले, "हसू नकोस. घट्ट बसतंय का सांग." मी म्हटलं, बसतंय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं मिळून गुड्डावर गेलो. बरोबर चालत. मी सायकल हातात धरून, ते छत्री घेऊन. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाट सोडून दोन पावलं, ते जाऊन उभे राहिले. मी कातळावर चढले. मोडलेल्या हाडाची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती दुसरी होती, की पुन्हा हातपाय आपोआप तसंच करतील. मी बाभळीकडे बघितलं आणि सोडली. टप्पा गेला. मुरूम गेला. वळणाला लागले तेव्हा हेल्मेटच्या काचेच्या कडेला पांढरा शर्ट आला आणि खरोखरच माझा उजवा पाय पायडलवरून सुटला. मी दात आवळून तो परत ठेवला. शर्ट मागे गेला. मी अप्पांना ओलांडून गेले, सायकलवरून न उतरता. आमच्या घरात आणि त्यांच्या शाळेत असं कुणी कधी केलं नसेल. पुढची घसरण मी ओरडत खाली आले, टाकीपाशीही न थांबता रस्त्याला लागले आणि तशीच तलावापर्यंत गेले.

तिथं हेल्मेट काढलं. तलावावर धोबी कपडे आपटत होते. मी खूप वेळ श्वास घेत उभी राहिले आणि मग आठवलं की वर अप्पा आहेत. परत येऊन टाकीपासून वर बघितलं तर वळणावर कुणी नव्हतं. वर चढून गेले, हाक मारली, तर मेंढरांशिवाय काही नाही. गुड्डाच्या पलीकडच्या अंगानं घराकडे एक पायवाट होती, त्या वाटेनं ते निघून गेले होते.

मी घरी पोचले तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. चहा केला होता, आईच्या किटलीत, दोन कप मांडून. मी हात न धुताच बसले. मला त्यांनी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, चांगलं झालं, वाईट झालं, काहीही. ते कपातल्या सायीकडे बघत होते.

"तू गेल्यावर मी हात वर केला होता," अप्पा म्हणाले. "छत्री टाकून दोन्ही हात. पार खाली रस्त्याला लागेपर्यंत." मग विचारलं, "बघितलंस?"

पुढे बघायचं, मागे नाही, याचीच तर मी वर्षभर घोकंपट्टी केली होती.

"हो," मी म्हटलं. "बघितलं की."

पोरगं खोटं बोलतंय हे त्यांना त्यानं तोंड उघडायच्या आत कळायचं, शाळेत त्यांचा दरारा होता तो याचाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.